खेकडा बकेटमध्ये टाकायच्या आधी: जात ओळखायची कशी आणि नियम पाळायचे कसे

पिंजरा वर ओढला की पहिली दोन-तीन मिनिटं नुसती धांदल असते. दोरी ओली, हात गारठलेले, आत सात-आठ खेकडे एकमेकांच्या नांग्यांत नांग्या अडकवून बसलेले, मागून कोणीतरी ओरडतंय की अरे तो मोठा निसटला बघ, आणि या गडबडीत आपण एकेक उचलून पटापट बकेटमध्ये टाकायला लागतो, नंतर निवांत बघू म्हणून. ते "नंतर" काही येत नाही. खेकडे एकदा बकेटमध्ये गेले की एकमेकांचे पाय तोडतात, कोणता आधी आला कोणता नंतर कळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तर बकेटमध्ये गेलेला खेकडा हा "तुम्ही ठेवलेला" खेकडा असंच कायद्याने धरतात. म्हणून सगळं ओळखणं, मोजणं, उलटून बघणं हे बकेटच्या आधी.

मी चार गोष्टी बघतो आणि त्याच क्रमाने बघतो: जात कोणती, नर का मादी, माप किती, कवच कडक का मऊ. जात पहिली, कारण बाकीचे तीनही नियम जातीवरच ठरतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली प्युजेट साउंड ही समुद्राची खाडी घ्या. तिथे एकाच पिंजऱ्यात डंजनेस आणि रेड रॉक असे दोन खेकडे येतात. डंजनेस फक्त नर, कडक कवचाचा आणि किमान सव्वासहा इंच म्हणजे ६.२५ इंच रुंद पाहिजे, दिवसाला ५ च ठेवता येतात. रेड रॉक मात्र ५ इंचाचा चालतो आणि नर-मादी दोन्ही चालतात, दिवसाला ६. आता ज्याला या दोघांतला फरक कळत नाही त्याने नियमांचं अख्खं पुस्तक पाठ केलं तरी उपयोग काय?

निघायच्या आधी

लायसन्स लागतं का, ते आधी बघा. तुम्ही जिथे जाणार तो नेमका भाग आज उघडा आहे का तेही बघा, नुसतं राज्य किंवा जिल्हा नाही, ती खाडी, तो पट्टा. आणि हे मच्छीमारी खात्याच्या स्वतःच्या साइटवर त्याच दिवशी बघायचं, मित्राने मागच्या वर्षी सांगितलेलं चालत नाही. सीझन मधेच बंद होतो, मापं बदलतात. वॉशिंग्टनच्या शेजारच्या ओरेगॉन राज्यात तर खाड्यांमध्ये वर्षभर डंजनेस पकडता येतो पण समुद्रात १६ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर बंद असतो, म्हणजे तोच माणूस, तीच बोट, तोच पिंजरा, खाडीच्या तोंडाबाहेर गेला की बेकायदेशीर.

दुसरी गोष्ट विषाचा इशारा. काही शेवाळ डोमोइक अॅसिड नावाचं विष तयार करतं आणि ते खेकड्याच्या पोटातल्या अवयवांत साठतं. २०१५ च्या शेवटी कॅलिफोर्नियात याच कारणाने डंजनेसचा सीझन कित्येक महिने लांबला होता. शिजवून हे विष जात नाही, त्यामुळे आरोग्य खात्याचा इशारा असेल त्या दिवशी जाऊच नका.

सोबत घ्यायच्या वस्तूंत सगळ्यात महत्त्वाचं काय विचाराल तर मापाची पट्टी, म्हणजे गेज. प्लास्टिकचं साधं खाचेचं गेज मिळतं, पण ते त्याच भागाच्या नियमाचं असलं पाहिजे, शेजारच्या राज्याचं गेज तुम्हाला बरोब्बर चुकीचं उत्तर देईल. गेजला दोरी लावून ती जॅकेटला बांधा, पाण्यात पडतं.

धरायचा कसा

मागून. पाठीच्या मागच्या कडेला अंगठा वर आणि दोन बोटं खाली पोटाला, शेवटच्या पायांच्या मधे. तिथे नांगी पोचत नाही. पोहणाऱ्या जातीच्या खेकड्यांची नांगी मागे बऱ्यापैकी वळते, आणि चिखलातल्या मोठ्या चिंबोरीच्या नांगीत बोट सापडलं तर हाडापर्यंत जाऊ शकतं, म्हणून जाड ग्लोव्हज घाला. पायाला धरून उचलू नका, खेकडा स्वतःचा पाय स्वतः सोडून देतो आणि मग सोडून दिला तरी तो अधू होऊन जातो. पिंजऱ्याच्या जाळीला नांगीने चिकटला असेल तर ओढू नका, थोडा वेळ पिंजरा तसाच ठेवा, तो आपणहून सोडतो.

जात ओळखायची: रंगावर जाऊ नका

नवीन माणूस पहिली चूक करतो ती रंगाची. लाल दिसला की रेड रॉक, हिरवा दिसला की ग्रीन क्रॅब. रंग वयाने बदलतो, कवच टाकल्यावर बदलतो, आणि वर शेवाळ बसलं की काहीच सांगता येत नाही. युरोपियन ग्रीन क्रॅब नावाने हिरवा असला तरी तो तपकिरी, पिवळट, अगदी लालसरही असतो, आणि उलट हिरवट दिसणारे स्थानिक खेकडे कितीतरी आहेत. रंग ही शेवटची खूण ठेवा.

आधी पाय मोजा. नांग्यांची एक जोडी आणि चालायच्या पायांच्या चार जोड्या दिसल्या तर खरा खेकडा. चालायचे पाय तीनच जोड्या दिसत असतील तर तो किंग क्रॅब, पोर्सेलिन क्रॅब किंवा शंखातल्या खेकड्याच्या खानदानातला, त्याचे नियम वेगळे असतात. आणि घोड्याच्या नालासारखा दिसणारा, मागे लांब टोकदार शेपटी असलेला प्राणी हा खेकडाच नाही, त्याचं नातं कोळ्या-विंचवांशी आहे, त्याला हात न लावता जाऊ द्या.

मग शेवटची जोडी बघा. शेवटचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतील तर तो पोहणारा खेकडा, ब्लू क्रॅब, ब्लू स्विमर आणि चिखलातली चिंबोरी सगळ्या याच कुळातल्या. टोकदार असतील तर डंजनेस, रेड रॉक, युरोपातला ब्राऊन क्रॅब अशा चालणाऱ्या खेकड्यांकडे जा. ही एकच खूण अर्धं काम करून टाकते.

त्यानंतर कवचाची पुढची कड. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून मागे जाताना कडेला जे दात असतात ते बोटाने मोजायचे. डंजनेसला दहा दात असतात आणि दहावा सगळ्यात मोठा, तिथेच खेकडा सगळ्यात रुंद. त्याच्यासारखाच दिसणारा ग्रेसफुल क्रॅब नवव्या दाताशी रुंद असतो, पाय बारीक, आणि तो मोठा होतच नाही. नांग्यांची टोकं दोघांचीही पांढरी, म्हणूनच लोक फसतात, "छोटा डंजनेस" म्हणून सोडून देतात ते ठीक, पण काही जण उलटं करतात आणि छोट्या डंजनेसला "ग्रेसफुल आहे, चालतो" म्हणून ठेवतात. रेड रॉकच्या नांग्यांची टोकं काळी असतात आणि कवच पंख्यासारखं पसरलेलं, एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितले की आयुष्यभर चूक होत नाही.

ग्रीन क्रॅबची खूण लक्षात ठेवायला सोपी आहे: प्रत्येक डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला पाच अणकुचीदार दात, आणि दोन डोळ्यांच्या मधे तीन बोथट उंचवटे. हा खेकडा मूळचा युरोपचा, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सापडला आणि तिथून वर सरकत गेला. आता बघा नियम किती उलटे असतात: ओरेगॉनमध्ये तुम्ही दिवसाला ३५ ग्रीन क्रॅब घेऊ शकता, आणि वर वॉशिंग्टनमध्ये जिवंत ग्रीन क्रॅब जवळ बाळगणंच बेकायदा आहे, तिथे फोटो काढून कळवायचं आणि खेकडा तिथेच सोडायचा. लोकांना हे पटत नाही, घुसखोर आहे तर मारू का नको? पण कारण साधं आहे, लोक ओळखण्यात चुकतात आणि भलत्याच स्थानिक खेकड्याचा जीव जातो. मला हा नियम बरोबर वाटतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ब्लू क्रॅबमध्ये डोळ्यांच्या मधले दात बघायचे, दोन असले तर ब्लू क्रॅब, चार असले तर लेसर ब्लू, जो मोठा होत नाही. चिखलातल्या चिंबोरीत नांगीच्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूवर हात फिरवा (सावकाश, नांगी आधी बांधून): दोन ठळक काटे असले आणि सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी असली तर ती स्किला सेराटा, म्हणजे मोठी चिंबोरी. एकच बोथट काटा किंवा तोही नाही, नांग्या नारिंगी-लालसर, आणि मागच्या पायांवर नक्षी नाही, तर ती स्किला ऑलिव्हेशिया, जी आकाराने लहान राहते. पाठीवर तीन गडद लाल ठिपके असलेला पोहणारा खेकडा मात्र कोणीही ओळखेल.

आणि एक गोष्ट जीवावरची. उष्ण समुद्रांत, प्रवाळ खडकांवर, काही रंगीबेरंगी जाड कवचाचे खेकडे असतात, झोझिमस एनियस हा त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध, फिकट अंगावर लालसर-तपकिरी नक्षी. याच्या मांसातच विष असतं, उकळून जात नाही, आणि हा खाऊन माणसं मेलेली आहेत. खडकात सापडलेला, नक्षीदार, ओळखता न आलेला खेकडा खायचा नाही. यात अपवाद करू नका.

नर का मादी

खेकडा उलटा करा. पोटावर शेपटीची घडी केलेली झडप दिसते. नराची झडप अरुंद, वर निमुळती होत जाणारी. वयात आलेल्या मादीची रुंद आणि गोलसर, पोटाचा मोठा भाग झाकणारी. ब्लू क्रॅबमध्ये मधला एक प्रकार असतो, वयात न आलेली मादी, तिची झडप त्रिकोणी असते, आणि घाईत ती नर म्हणून बकेटमध्ये जाते. ब्लू क्रॅबच्या मादीच्या नांग्यांची टोकं लाल असतात, तेवढी खूण तिथे उपयोगाची. त्याच पूर्व किनाऱ्यावरच्या मेरीलँड राज्यात हौशी लोकांना ब्लू क्रॅबची कडक कवचाची मादी ठेवताच येत नाही.

झडपेखाली दाणेदार अंड्यांचा गोळा असेल तर ती मादी ताबडतोब पाण्यात. सुरुवातीला हा गोळा नारिंगी असतो, आतल्या पिल्लांचे डोळे तयार व्हायला लागले की तपकिरी आणि मग काळपट होतो, म्हणजे काळा गोळा दिसला तर पिल्लं बाहेर पडायला थोडेच दिवस उरलेत. डंजनेसची एक मादी एका वेळी २५ लाखांपर्यंत अंडी वागवते. अंडी खरवडून "आता नाही अंडी" म्हणणारे लोक मी बघितलेत, तो सरळ गुन्हा आहे, आणि पायांना चिकटलेल्या उरलेल्या दाण्यांवरून ते ओळखताही येतं.

एक बारीक गोष्ट: कधी झडपेखाली दाणे नसतात, गुळगुळीत पिवळट पिशवीसारखं काहीतरी असतं. ती अंडी नाहीत, सॅक्युलिना नावाचा परजीवी आहे. तो नराची झडपसुद्धा मादीसारखी रुंद करून टाकतो. असा खेकडा ठेवण्यात काही अर्थ नाही.

फक्त नरच का, असं खूप जण विचारतात. डंजनेसचा नर कायदेशीर मापाला पोचायच्या आधीच वयात येतो आणि एकेक नर अनेक माद्यांशी जुगतो, मादी तर ते बीज साठवूनही ठेवते. त्यामुळे मोठे नर काढले तरी पुढची पिढी थांबत नाही, पण माद्या काढल्या तर थांबते. म्हणजे माप, लिंग आणि सीझन हे तीन नियम एकमेकांत गुंतलेले आहेत, एक मोडला की बाकीच्यांचा उपयोग कमी होतो.

माप: कुठून कुठपर्यंत

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या सीझनला मी डंजनेस मोजत होतो टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे दहाव्या दाताच्या अणीसकट. माझ्या हिशोबाने खेकडा व्यवस्थित बसत होता. धक्क्यावर तपासणीला आलेल्या माणसाने तोच खेकडा घेतला, गेज दाताच्या किंचित पुढे, जिथे दात कवचातून फुटतो त्या खाचेत टेकवलं, आणि गेज सैल राहिलं, पाव इंच तरी कमी. खेकडा अजून जिवंत होता म्हणून परत पाण्यात गेला. मला वाईट दंडाचं नाही, याचं वाटलं की आधी घरी नेलेले किती असे असतील.

तर डंजनेस मोजायचा तो शेवटच्या मोठ्या दाताच्या लगेच पुढे, दात न धरता, पाठीवरून सरळ आडवा. ब्लू क्रॅब उलट, बाजूच्या लांब काट्यांच्या टोकापासून टोकापर्यंत. ऑस्ट्रेलियात तर शेजारशेजारच्या दोन राज्यांत दिशाच वेगळी. क्वीन्सलँडमध्ये चिखलातली चिंबोरी रुंदीला मोजतात, किमान १५ सेंटीमीटर आणि फक्त नर. न्यू साउथ वेल्समध्ये तीच चिंबोरी लांबीला मोजतात, म्हणजे डोळ्यांच्या मधल्या कडेपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत, किमान ८.५ सेंटीमीटर, आणि अंडी नसलेली मादीही चालते. फ्लोरिडाच्या स्टोन क्रॅबचं आणखी वेगळं, तिथे अख्खा खेकडा ठेवायचाच नाही, फक्त नांगी काढून खेकडा सोडायचा, आणि माप त्या नांगीचं, २.८७५ इंच. म्हणून "किमान माप किती" हा अर्धाच प्रश्न आहे, "कुठून मोजायचं" हे त्याच्यासोबत विचारा.

मोजताना गेज कवचावर दाबून बसवायचं नाही, सरकवायचं. दोन्ही बाजूंना गेज टेकलं तर मापात, हललं तर कमी. शंका असेल तर सोडा. काठावरचा खेकडा पुढच्या वेळी कवच टाकून चांगला मोठा होऊन येतो.

कडक का मऊ

खेकडा वाढतो तो कवच टाकून. नवीन कवच आधी मऊ असतं, आत पाणी भरलेलं, आणि मांस नावालाच. खेकडा मापात आहे, नर आहे, पण हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटला तर पोटाच्या बाजूने नांगीच्या मुळाजवळच्या कवचावर अंगठ्याने दाबा, आणि पहिल्या चालायच्या पायाचा जाड भाग चिमटीत दाबा. दबला, कागदी पुठ्ठ्यासारखा वाकला, तर मऊ. पाठ एकदम स्वच्छ चकचकीत, वर शिंपले-शेवाळ काही नाही, पोट पांढरंशुभ्र, हीसुद्धा ताज्या कवचाची खूण. वॉशिंग्टनमध्ये असा ठेवणं बेकायदा आहे, आणि जिथे कायदा नाही तिथेही मी सोडतो, काही महिन्यांत तोच खेकडा भरतो.

पिंजरा आणि दोरी

याच्यावर लोक फार कमी लक्ष देतात. पिंजऱ्याची दोरी तुटली की पिंजरा तळाशी राहतो आणि खेकडे मारत राहतो, एक मेला की त्याच्या वासाने दुसरा येतो. म्हणून झाकण बांधायला कुजणारी सुती दोरी लावायची असते, नायलॉन नाही, म्हणजे हरवलाच तर काही काळाने ती तुटून झाकण उघडतं. शिवाय छोटे खेकडे निसटायला गोल भोक, पॅसिफिक किनाऱ्यावर त्याचा आतला व्यास ४.२५ इंच. ब्लू क्रॅबच्या भागात पिंजऱ्याच्या तोंडाला कासवं अडकू नयेत म्हणून चौकट लावावी लागते, मेरीलँडमध्ये ती सक्तीची आहे. बोयावर (पिंजऱ्याची खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा गोळा) तुमचं नाव-पत्ता, आणि दोरीला वजन, म्हणजे सैल दोरी पाण्यावर तरंगून कोणाच्या बोटीच्या पंख्यात जात नाही. भरतीचं सगळ्यात जास्त पाणी किती चढतं ते बघून दोरी त्याहून चांगली लांब ठेवा, नाहीतर बोया बुडतो आणि पिंजरा गेला.

दुसऱ्याचा पिंजरा ओढायचा नाही. अगदी उत्सुकता म्हणूनही नाही.

ठेवणं, लिहिणं, सोडणं

ठेवलेला खेकडा लगेच पकडीच्या नोंदीच्या कार्डावर किंवा अॅपवर नोंदवा, जिथे नोंद सक्तीची आहे तिथे लगेच म्हणजे पुढचा पिंजरा ओढायच्या आधी. संध्याकाळी घरी जाऊन आठवून लिहिलेलं चालत नाही. खेकडे पाण्याने भरलेल्या बंद बकेटमध्ये ठेवू नका, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि ते गुदमरतात, गोड्या पाण्यात तर नाहीच. सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, गार ठेवा, कल्ले ओले राहिले की खेकडा तासन्‌तास जगतो. किनाऱ्यावर असेपर्यंत पाठीचं कवच काढू नका, त्याच्याशिवाय माप आणि जात कोणालाच सिद्ध करता येत नाही, आणि म्हणून बऱ्याच ठिकाणी ते बेकायदाही आहे.

सोडायचा तो वरून फेकून नाही. धक्का उंच असेल तर त्याच पिंजऱ्यात किंवा जाळीत घालून पाण्यापर्यंत खाली सोडा. दहा-बारा फुटांवरून पाठीवर आपटलेल्या मादीचं कवच तडकतं, ती वरून बरी दिसते, पोहत खाली जाते, आणि मरते. सोडल्यावर क्षणभर बघा, जिवंत खेकडा पाण्यात गेल्यागेल्या पाय पसरतो आणि तिरपा खाली निघतो.